आधी शेत, मग घर : उल्हास खोऱ्यासाठी वसाहतरचनेची एक उलटी रीत

बदलापूर-वांगणी पट्ट्यातल्या कोणत्याही जुन्या गावाचा नकाशा पाहावा. गावठाण उंचवट्यावर, घराला घर लागून. खाली सपाटीला भाताची खाचरं, चढावर नागली-वरीची वरकस जमीन, आणि ओढ्याकाठची गुरचरण सगळ्यांची. घरांनी कमीत कमी जागा घ्यायची आणि पिकाऊ जमीन सलग ठेवायची, ही सुज्ञ रचना कोणत्याही नियमावलीशिवाय शेकडो वर्षं टिकली.

आज त्याच खाचरांत बंगलो प्लॉट पडतात. चार हेक्टर जमिनीवर चाळीस घरं बांधायची आहेत असं धरू. प्रत्येकाला 800 चौरस मीटर दिले तर 3.2 हेक्टर प्लॉटमध्ये जातात, उरलेली रस्त्यांत, शेत संपलं. तीच चाळीस घरं 300 चौरस मीटरच्या प्लॉटवर जवळजवळ बसवली, तर प्लॉटना 1.2 हेक्टर लागतात आणि रस्ते आखूड झाल्याने त्यांना साधारण 0.4 हेक्टर पुरतात. 2.4 हेक्टर, म्हणजे साठ टक्के जमीन एका तुकड्यात शिल्लक राहते. घर एकही कमी झालेलं नाही!

अमेरिकी नियोजनकार रँडल अरेंट यांनी या विचाराला शिस्तशीर क्रम दिला. आधी राखायची जमीन नकाशावर रंगवायची, मग घरांच्या जागा ठरवायच्या, त्यानंतर रस्ते, आणि प्लॉटच्या हद्दी सर्वांत शेवटी. आपल्याकडचा लेआउट नेमका उलट्या टोकाने सुरू होतो. इलिनॉयमधल्या ग्रेस्लेक इथली 'प्रेअरी क्रॉसिंग' ही वसाहत अशा विचारातून उभी राहिली. 677 एकरांत 359 स्वतंत्र घरं, निम्म्याहून कितीतरी अधिक जमीन मोकळी, आणि वसाहतीच्या आतच चालती सेंद्रिय शेती.

उल्हास खोऱ्याला हा क्रम विशेष लागू पडतो, कारण इथे राखायची जमीन पाणीच दाखवून देतं. बांध घातलेलं खाचर पावसाचं पाणी अडवतं आणि सावकाश सोडतं. भराव टाकला की ते पाणी दुसऱ्याच्या अंगणात जातं. 27 जुलै 2019 रोजी उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखण्याची पद्धत राज्यात आहे. निळ्या रेषेच्या आतली जमीन हा वसाहतीच्या नकाशावरचा पहिला रंग असायला हवा. तिथे भात आनंदाने उभा राहतो, इमारत राहत नाही.

खोऱ्याच्या खालच्या अंगाला उल्हासनगर आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आसरा देणाऱ्या या लष्करी छावणीला 1949 मध्ये नवं नाव मिळालं. जेमतेम 13 चौरस किलोमीटरांत 2011 साली पाच लाखांवर माणसं राहत होती. त्यांनी कष्टाने शहर उभं केलं, पण अशा दाटीत मोकळी जागा मागाहून कुठून आणायची? अंबरनाथमध्ये 1060 सालच्या शिलाहारकालीन शिवमंदिराशेजारून वाहणाऱ्या वालधुनी नदीचीही आज तीच कोंडी आहे. बदलापुराला मात्र अजून निवड करता येते, म्हणून घाई हवी. 2001 मध्ये लाखाच्या आत असलेली तिथली लोकसंख्या दहा वर्षांत पावणेदोन लाखांच्या घरात गेली.

2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. तरतूद चांगली आहे, पण प्रत्येक बिल्डरने आपापला कोपरा सोडला तर विखुरलेले तुकडेच हाती येतात. त्यांत झोपाळे बसतात, शेती होत नाही.

तुकडे जोडायचं साधन मुंबई इलाख्याने 1915 च्या नगररचना कायद्यातच घडवलं. नगररचना योजनेत अनेकांच्या जमिनी एकत्र धरून नव्याने आखतात. मूळ भूखंडाच्या बदल्यात मालकाला लहान पण रस्त्यालगतचा अंतिम भूखंड मिळतो, आणि सार्वजनिक जागा सर्वांच्या वाट्यातून निघते. पुण्याजवळ हडपसरला मगर मंडळींसह शंभरावर शेतकरी कुटुंबांनी सुमारे चारशे एकर जमीन स्वेच्छेने एकत्र करून मगरपट्टा सिटी उभारली आणि जमिनीच्या प्रमाणात कंपनीत भागीदारी घेतली. तिथे शेती उरली नाही, पण मध्यभागी मोठी सलग बाग राहिली आणि शेतकरी मालकच राहिले. शेजारी एकत्र येऊ शकतात, याचा हा भक्कम पुरावा आहे.

बदलापूरच्या गावांत अशी एकजूट झाली, तर बागेच्या जागी खाचरं आणि जांभळाची झाडं राखता येतील. त्यासाठी राखलेल्या जमिनीवर बांधकाम न करण्याची अट खरेदीखतात आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढवावी लागेल, कसणाऱ्याला पाण्याचा आणि वाटेचा हक्क लेखी द्यावा लागेल, आणि घरांच्या विक्रीतला वाटा शेत राखणाऱ्या कुटुंबालाही मिळावा लागेल.