कांदेनवमीची भजी, लोकलची खिडकी आणि लॉटरी: छोटे आनंद विरतात का आणि टिकतात कसे?

मंडळी, संध्याकाळच्या गर्दीत लोकलची खिडकी मिळणं म्हणजे काय सुख असतं, हे रोज लटकत जाणाऱ्यालाच विचारा. आणि तीही वारा येतो त्या बाजूची! पण एक गंमत पाहा. दादरला खिडकीत बसलेला माणूस घाटकोपर येईपर्यंत मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला असतो. वारा तोच असतो, खिडकीही तीच असते. मग आनंद गेला कुठे?

"छोट्या छोट्या गोष्टींत आनंद शोधा" हा सल्ला व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी येतो. सूर्योदयाच्या फोटोवर, गुलाबाच्या फुलासकट. तो शोधायचा कसा, हे मात्र त्या मेसेजमध्ये कधीच नसतं. मानसशास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलंय, तेच आज पाहू.

सुरुवात लॉटरीपासून करू. 1978 साली अमेरिकेत फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉटरी जिंकलेल्या 22 जणांना गाठलं. मित्राशी गप्पा मारणं, नाश्ता करणं, एखादा विनोद ऐकणं, टीव्ही पाहणं अशा साध्या गोष्टींत किती मजा येते, हे त्यांना विचारलं. हेच प्रश्न लॉटरी न लागलेल्या तेवढ्याच लोकांनाही विचारले. लॉटरीवाल्यांना या साध्या गोष्टींत कमी मजा येत होती! एवढा मोठा धमाका अनुभवल्यावर पोहे-चहा फिका वाटू लागला, असं म्हणा.

हा प्रयोग फारच छोटा होता, त्यामुळे "पैशाने सुख मिळत नाही" असा निष्कर्ष त्यातून काढू नका. स्वीडनमध्ये नंतर झालेल्या मोठ्या अभ्यासात लॉटरी जिंकलेले लोक अनेक वर्षांनंतरही आयुष्याबद्दल जास्त समाधानी आढळले. ज्याला महिनाअखेरीची चिंता आहे, त्याला "चहात सुख शोध" म्हणणं ही थट्टाच आहे. पण मोठं सुख छोट्या सुखाची चव बिघडवू शकतं, ही ब्रिकमन यांची शंका विचार करण्यासारखी आहे.

मूळ कारण आहे सवय. आपला मेंदू बदल टिपतो. जे तसंच राहतं, त्याकडे तो दुर्लक्ष करतो. पहिल्या पावसाचा मातीचा वास आठवा. त्या वासाला 1964 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी 'पेट्रिकोर' असं नाव दिलं. त्यात जमिनीतल्या जीवाणूंनी तयार केलेलं 'जिओस्मिन' नावाचं द्रव्य असतं आणि आपलं नाक ते अगदी नगण्य प्रमाणातही ओळखतं. (कनौजचे अत्तरवाले हा वास फार आधीपासून 'मिट्टी अत्तर' म्हणून बाटलीत भरत आलेत, ही वेगळी गोष्ट!) एवढं तरबेज नाक, पण काही मिनिटं गॅलरीत उभं राहिलात की तो वास जाणवेनासा होतो. घरात जाऊन परत बाहेर आलात की पुन्हा येतो. इथेच सगळी मेख आहे.

कारण खंड पडला की चव परत येते. 2013 साली जॉर्डी क्वाडबाख आणि एलिझाबेथ डन यांनी चॉकलेटवर एक प्रयोग केला. काही लोकांना आठवडाभर चॉकलेट बंद. काहींना जवळपास किलोभर चॉकलेट देऊन हवं तेवढं खायला सांगितलं. उरलेल्यांना काहीच सूचना नाही. आठवड्याने सगळ्यांना पुन्हा चॉकलेट दिलं, तेव्हा सर्वांत जास्त मजा कोणाला आली असेल? अर्थातच उपाशी ठेवलेल्यांना.

आता आपल्या आजीला हे सांगितलंत तर ती हसेल. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी, आपल्याकडे कांदेनवमी असते. चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं वर्ज्य, म्हणून त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याची थालीपीठं, जे जमेल ते. मग चार महिने पाळणूक. पुढे मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य दाखवला की वांगं पुन्हा ताटात. ही प्रथा धर्माची आणि ऋतुमानाची, मजेसाठी कोणी सुरू केलेली नाही. पण चार महिन्यांनी खाल्लेल्या त्या भरताची चव बारमाही वांगं खाणाऱ्याला कळणार नाही, हे नक्की. हापूस बारा महिने मिळाला असता तर आपण पहिल्या पेटीची एवढी वाट पाहिली असती का?

दुसरं कारण आहे लक्ष. 2010 मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी 2250 लोकांना दिवसातून कधीही मोबाइलवर विचारलं, "आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय?" जवळपास 47 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच! आणि मन भटकत असताना लोक कमी आनंदी होते.

इथे आपल्यासारख्या सोशल मीडियावाल्यांची खरी गोची आहे. फोटो काढल्याने मजा जाते, असं सरसकट म्हणतात, पण ते खरं नाही. क्रिस्टिन डील आणि सहकाऱ्यांच्या 2016 मधल्या प्रयोगांत फोटो काढणाऱ्यांना अनेकदा अनुभव जास्त आवडला, कारण फोटोसाठी माणूस नीट पाहतो. पण त्याच गटातल्या संशोधकांनी 2018 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. फोटो स्वतःसाठी काढला तर मजा टिकते, पण पोस्ट करण्यासाठी काढला तर ती घटते. कारण "लोकांना कसा वाटेल?" हा हिशोब डोक्यात सुरू होतो. भजी गरम असताना आपण प्लेट खिडकीजवळ नेऊन प्रकाश शोधत बसतो, तो हाच हिशोब. फोटो काढाच, पण आधी दोन भजी खा आणि पोस्ट रात्री टाका.

कॅफेमधल्या एका प्रयोगात मित्र-कुटुंबासोबत जेवताना ज्यांचे फोन टेबलावर होते, त्यांना जेवणात थोडी कमी मजा आली. फरक फार मोठा नव्हता, पण फोन खिशात ठेवायला पैसेही पडत नाहीत.

एक गोष्ट मात्र यात मिसळू नका. सवयीने चहा फिका वाटणं वेगळं, आणि आवडत्या कुठल्याच गोष्टीत काही वाटेनासं होणं वेगळं. गाणी, मित्र, मुलाचं हसणं, काहीच मनाला शिवत नाही, असं दोन आठवडे किंवा त्याहून जास्त चाललं असेल, तर ते नैराश्याचं एक मुख्य लक्षण असू शकतं. अशा माणसाला "छोट्या गोष्टींत आनंद शोध" म्हणून पिटाळू नका, तो आधीच शोधून दमलेला असतो. त्याला डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत सुरू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.