पळसदरीच्या चादरी आणि तिसरा संच

पळसदरी हे कर्जत-खोपोली मार्गावर कर्जतनंतरचे पहिलेच स्टेशन. पावसाळ्यात धरण आणि डोंगर पाहण्यासाठी मुंबई-ठाण्याकडची मंडळी येथे लोंढ्याने येतात. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यानंतर कर्जत-खालापूर पट्ट्यात बंगले, फार्महाऊस आणि रिसॉर्ट यांची दाटी झाली. खोल्या वाढल्या तसा चादरी, अभ्रे आणि टॉवेल यांचा खपही वाढला. आम्हा कापडवाल्यांसाठी ही चांगलीच गोष्ट. परंतु विकलेला माल पुढे धुतला कसा जातो, किती वेळा धुतला जातो, हे आपल्यातले फार थोडे व्यापारी विचारतात. गिऱ्हाईक मात्र आता विचारू लागले आहे. आपल्या समाजातील कुटुंबे तर खोली घेण्यापूर्वीच चादर पाक आहे ना, याची खात्री करून घेतात, कारण त्याच खोलीत नमाज पढायची असते.

मूळ अडचण संख्येची आहे. हॉटेल व्यवसायात जुना नियम असा की, प्रत्येक खाटेमागे किमान तीन संच हवेत. एक खाटेवर, एक धुलाईत आणि एक कपाटात. सहा खोल्यांचा बंगला धरा. प्रत्येक डबल खाटेला खालची एक व पांघरायची एक, अशा १२ चादरी एका वेळेस लागतात. तीन संचांच्या ३६ झाल्या. पळसदरीच्या पावसात कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर या काळासाठी चौथा संच धरला तर ४८ होतात. आमच्याकडे येणारे बहुतेक मालक २४ वर हिशेब संपवतात. मग शनिवारी बारा वाजता एक पाहुणा जातो, दोन वाजता दुसरा येतो, दोरीवरच्या चादरी ओल्याच असतात. अशा वेळी खोली लावणारा पोरगा काय करणार? खाटेवरचीच चादर झटकून, उलटी करून पुन्हा ताणतो. त्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही. तिसरा संच मालकाने घेतलेलाच नाही.

पांघरुणाची गोष्ट याहून वाईट. चादर निदान दिसते, ब्लँकेट कोण पाहतो? रेल्वेचेच उदाहरण घ्या. २०१७ साली संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालात रेल्वेगाड्यांतील ब्लँकेट काही ठिकाणी कित्येक महिने धुतली नसल्याचे नमूद होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले की, ब्लँकेट महिन्यातून किमान एकदा धुतले जाते आणि त्याला आवरण म्हणून जादा चादर दिली जाते. म्हणजे एवढ्या मोठ्या खात्यानेही शेवटी चादरीचाच आधार घेतला. बंगलेवाल्यांनीही तेच करावे. ब्लँकेटच्या खाली एक, वर एक अशी चादर घालावी किंवा दुलईला बटणाची खोळ शिवून घ्यावी. हे शिवणकाम आपले कारागीर घरबसल्या करू शकतात.

आता रंगाविषयी. एक मालक आमच्याकडे चॉकलेटी चादरी मागावयास आले. कारण विचारता म्हणाले, 'मळ दिसत नाही.' आम्ही त्यांच्यापुढे पांढरा माल टाकला, ते निघून गेले. पांढऱ्या कपड्याचा फायदाच हा आहे की तो काही लपवीत नाही, आणि त्याला गरम पाणी व ब्लीच सोसते. अमेरिकेतल्या वेस्टिन कंपनीने १९९९ साली आपल्या हॉटेलांत पूर्ण पांढरी खाट आणली, त्यानंतर जगभर ती रीत पडली.

तरीही पांढरे म्हणजे स्वच्छ असे समजू नये. नीळ आणि टिनोपाल यांनी कपडा डोळ्यांना उजळ दिसतो, मळ जात नाही. जंतू मारायचे तर उष्णता हवी. ब्रिटनमध्ये रुग्णालयांच्या कपड्यांसाठी ६५ अंशाला किमान दहा मिनिटे किंवा ७१ अंशाला किमान तीन मिनिटे असा दंडक आहे. आपल्याकडे बंगल्याच्या मागे बादलीत थंड पाण्यात धुलाई होते आणि कसर ब्लीचने भरून काढतात. ब्लीच जास्त पडले, नीट खळबळले नाही आणि वर कडक इस्त्री फिरली की सुताचा जीव जातो. सहा महिन्यांत चादर मधोमध विरते आणि दोष कापडवाल्याच्या माथी येतो! यावर उपाय म्हणून धुलाईवाले शेवटच्या पाण्यात थोडा हायपो टाकतात, त्याने उरलेले क्लोरीन निघून जाते. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर ब्लीचने उलट तांबूस डाग पडतात, हेही मालकाला माल देतानाच सांगून ठेवावे.

मालाच्या निवडीत आम्ही पळसदरीकडच्या गिऱ्हाइकाला शुद्ध सुती माल घ्या, असा आग्रह धरीत नाही. सुती चादर अंगाला चांगली, पण ती आटते आणि पावसात वाळत नाही. सूत-पॉलिस्टर मिश्रण लवकर वाळते व जास्त धुण्या सोसते. मात्र मिश्र माल सुती म्हणून विकू नये. धागा जाळून पाहणारे गिऱ्हाईक आता आहेत. सुताची राख होते, पॉलिस्टरचा गोळा बनतो. टॉवेलही फार जाड देऊ नये. ५०० जीएसएमचा ३० बाय ६० इंची टॉवेल कोरडाच जवळपास ५८० ग्रॅम भरतो, आणि श्रावणात तो दोरीवर नुसता कुबट होतो. सोलापूरच्या टॉवेलात हलके वजन सहज मिळते. तेथील चादरीला आणि टेरी टॉवेलला २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, त्यामुळे नावही चालते.

खरा धंदा मात्र धुलाईत आहे, असे आमचे मत झाले आहे. दहा-बारा बंगल्यांनी मिळून कर्जतला किंवा खोपोलीला एक धुलाईघर धरावे, त्यात पिळणारे मोठे यंत्र, गरम हवेचा ड्रायर आणि चादरी सरळ करणारा रोलर असावा. आपल्या तरुणांपैकी दोघा-तिघांनी भागीत हे काम घेतले तर कापडवाला, शिंपी आणि धुलाईवाला तिघांनाही वर्षभर काम राहील. पळसदरीचा एकटा मालक ड्रायरचा खर्च उचलणार नाही, पण किलोमागे धुलाई द्यायला तो तयार होतो, हे आम्ही बोलून पाहिले आहे.

अशा सामाईक धुलाईत एकाचा माल दुसऱ्याकडे जाण्याची भीती असते. त्यासाठी चादरीच्या काठात प्रत्येक बंगल्याचा वेगळ्या रंगाचा दोरा घालून घ्यावा आणि कोपऱ्यात पक्क्या शाईने खरेदीचा महिना व साल टाकावे. चादर विरली की ती किती दिवस चालली, हे मालक आणि दुकानदार दोघांनाही तेथेच वाचता येते.