पेटींतलें द्यूत

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील चौतिसावें सूक्त म्हणजे एका द्यूतकाराचा पश्चात्ताप होय. तें आम्ही पुष्कळ वर्षें शिकविलें. परंतु त्याचा अर्थ कळला तो गेल्या चातुर्मासांत, बँकेचें पासबुक पाहतांना. एकेक रक्कम किरकोळ. बेरीज मात्र महिन्याच्या किराण्याएवढी! आमच्या नातवानें मोबाइलवरील खेळांत ‘पेट्या’ घेतल्या होत्या.

ह्या पेटींत काय आहे, हें पैसे भरल्यावरच कळतें. रुपयांचे आधीं ‘हिरे’ होतात, म्हणून खर्च बोचत नाहीं. आणि इच्छिलेली वस्तु लाभते ती क्वचित् व अवचित. दाणा नेमानें न देतां अनियमितपणें दिला, तर कबुतर कळ टोचीतच राहतें, हें अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनीं प्रयोगांनीं दाखविलें आहे. बेल्जियममध्यें २०१८ सालीं कांहीं खेळांतील अशा सशुल्क पेट्या जुगार ठरविल्या गेल्या. आणि २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचींत खेळाच्या विकारास स्थान आहे.

परंतु नातवास दोष देण्यापूर्वीं सांगावयास हवें कीं, निवांत वर्तमानपत्र वाचतां यावें म्हणून मोबाइल आम्हींच त्याच्या हातीं दिला होता. आतां प्रत्येक खरेदीस पासवर्ड लागतो, व तो केवळ त्याच्या आजीस ठाऊक आहे. फांसे टाकून शेत कसावें, असा त्या सूक्ताचा उपदेश आहे. शेत आम्हांस नाहीं. म्हणून सायंकाळीं आम्ही दोघे बुद्धिबळ मांडतों. तेथें दैवास जागा नाहीं, आणि बहुधा हरतों आम्हीच.