सुई हाती घेण्याआधी

बाल्टिमोर, अमेरिका

कापूस वेचून आखडलेली मान आणि फवारणीचा पंप वाहून भरून आलेले खांदे यवतमाळच्या वाचकांना समजावून सांगायला नकोत. अशा दुखण्यावर इथले अनेक फिजिओथेरपिस्ट ‘ड्राय नीडलिंग’ करतात. औषध नसलेली बारीक, भरीव सुई ते स्नायूतल्या दुखऱ्या गाठीत घालतात. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी या गाठींचा आयुष्यभर अभ्यास केला. नुसत्या सुईनेही वेदना उतरते, हे झेक डॉक्टर कारेल लेविट यांनी १९७९ मध्ये मांडलं.

पण ही सुई कोणी टोचायची? अमेरिकेत फिजिओथेरपीचा परवाना राज्यं देतात, त्यामुळे राज्य बदललं की नियमही बदलतो. मेरीलँडमध्ये ८० तासांचं प्रशिक्षण लागतं. त्यातले ४० तास प्रत्यक्ष हाताने शिकण्याचे. वॉशिंग्टन राज्यात २०१४ मध्ये न्यायालयाने हे काम फिजिओथेरपिस्टच्या कक्षेबाहेरचं ठरवलं. २०२३ च्या कायद्याने तिथे दार उघडलं, पण अट ३२५ तासांची. त्यातले किमान १५० तास देखरेखीखाली रुग्णांवर काम करण्याचे. कॅलिफोर्नियात तर परवानगीच नाही.

अ‍ॅक्युपंक्चरवाल्यांचं म्हणणं, आम्ही वर्षानुवर्षं शिकतो, मग यांना थोड्या तासांत मुभा का? फिजिओथेरपिस्ट २०१५ च्या एका अभ्यासाकडे बोट दाखवतात: लागणाऱ्या ज्ञानापैकी ८६ टक्के मूळ पदवीतच मिळतं. मला मात्र उरलेले १४ टक्केच मोलाचे वाटतात, कारण सुई हाताळण्याचं कसब त्यांतच येतं. मानेच्या बुडाशी, खांद्याच्या स्नायूखाली फुप्फुसाचं टोक असतं. सुई चुकीच्या कोनात खोल गेली, तर छातीत हवा शिरून फुप्फुस दबू शकतं. हे भान पुस्तक वाचून हातात उतरत नाही. चूक तिथल्या तिथे थांबवणारा गुरू शेजारी लागतो.

महाराष्ट्राने अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला आहे. फिजिओथेरपीही २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याखाली आली आहे. आपल्याकडेही सुईसाठी तास, परीक्षा आणि देखरेख नियमात स्पष्ट लिहिलेली असावी, अशी माझी कळकळीची मागणी आहे. तोवर वणी, पुसद, दारव्ह्याच्या रुग्णांनी संकोच न करता विचारावं: तुमची नोंदणी आहे का? सुईचं शिक्षण किती तासांचं, कोणाच्या हाताखाली? सुई नवी, निर्जंतुक आहे ना? रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही आधीच सांगावं. नीट शिकलेल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. ज्याला येईल, त्याच्याकडून सुई टोचून घेऊ नये.