नाण्यातील दोष : टाकसाळीचा की मागाहूनचा?

टाकसाळीतील चुकीने सदोष उतरलेल्या नाण्यांना संग्राहकांमध्ये मोठी मागणी असते. तथापि, मागाहून विद्रूप झालेली नाणीही 'दुर्मिळ' म्हणून विकली जातात व अनभिज्ञ ग्राहकाची फसवणूक होते.

मुंबई, कोलकाता, हैदराबाद व नोएडा येथील टाकसाळींत धातूच्या पट्टीतून कोऱ्या चकत्या कापून दोन ठशांच्या दाबाखाली त्यांच्या दोन्ही बाजू एकाच वेळी उमटविल्या जातात. खरा दोष याच क्रमात उद्भवतो. चकती सरकल्यास छाप एका बाजूस जातो व उरलेला भाग चंद्रकोरीसारखा कोरा राहतो. ठशाला तडा गेल्यास नाण्यावर उंच रेघ येते. मागाहून पडलेला ओरखडा खोलगट असतो. कापणीतच कड गेलेल्या चकतीची समोरची कड बहुधा पुसट उमटते. कानशीने घासलेल्या नाण्याची मात्र ठसठशीत राहते. दोन नाणी एकमेकांवर ठोकून उलटी प्रतिमा काढली असेल, तर मागची बाजू चेपलेली दिसते.

वजनही साक्ष देते. १९९२ साली निघालेल्या स्टेनलेस स्टीलच्या रुपयाचे प्रमाण वजन ४.८५ ग्रॅम आहे. आम्लात झिजविलेले नाणे तराजूवर उघडे पडते. वर्षाखाली टाकसाळीचे चिन्ह नसणे हाही दोष नव्हे. कोलकात्याच्या नाण्यांवर ते नसतेच.

जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपल्या नावाने शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये दिला होता. साधे भिंग व लहान तराजू घेऊन नाणे पारखले, तर कष्टाचा पैसा वाचेल आणि छंदाचा आनंदही टिकेल.