डोंगराची माती, खाडीचा गाळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. ऋषींचे राहू द्या; पण ज्याने नव्या मुंबईत घर केले आहे, त्याने तेथल्या नदीचे मूळ जरूर शोधावे. ते फार दूर नाही. पनवेलवरून वाहणारी गाढी नदी माथेरानच्या डोंगरांत उगम पावते आणि पनवेलच्या खाडीला मिळते. त्र्यंबकेश्वराहून निघालेल्या गोदावरीला समुद्र गाठण्यासाठी सुमारे १४६५ किलोमीटर चालावे लागते. माथेरान मात्र सुमारे ८०० मीटर उंच आणि तेथून पनवेल सरळ रेषेत वीस किलोमीटरही नाही! एवढ्या उंचीवरून इतक्या थोड्या वाटेत उतरणारे पावसाळी पाणी रिकाम्या हाताने कसे येईल?

मराठीत 'खोरे' म्हणजे नदीचा मुलूख, आणि 'खोरे' म्हणजे माती ओढण्याचे अवजारही. दोन्हींचे काम एकच. खात्री करायची असेल, तर अंगणात मुलांनी केलेल्या दिवाळीच्या किल्ल्यावर, त्यांची नजर चुकवून, तांब्याभर पाणी ओता. माथ्यावर बारीक ओघळ पडतात, दोन ओघळ मिळून नाला होतो आणि पायथ्याशी पाणी मंदावले की मातीचा पंखा पसरतो. सह्याद्रीवर हाच खेळ लाखो वर्षे चालू आहे. उतारावर पाणी धोंडे लोटते. उतार कमी झाला की आधी धोंडे टाकते, मग गोटे, मग वाळू. उरते ती पिठासारखी माती. ती खाडीपर्यंत पोचते.

तेथे तिला खारे पाणी भेटते. दुधाला विरजण लागावे, तसे मिठाने मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. भरती त्यांना पुन्हा आत लोटते, खारफुटीची मुळे त्यांना धरून ठेवतात. अशी खाजणे तयार झाली. रेल्वे येण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला निघालेला प्रवासी पडावातून पनवेलला उतरत असे. त्याच्या पडावाखाली हाच गाळ साचत होता.

या गाळाशी आपल्या आगरी शेतकऱ्यांनी मोठ्या शहाणपणाने संसार केला. त्यांनी खाजणाला बांध घातला आणि बांधाला उघाडी ठेवली. भरतीला उघाडी मिटायची, ओहोटीला उघडून पावसाचे पाणी बाहेर सोडायचे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठी शहर उभे राहू लागले, तेव्हा हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. भरतीच्या पातळीहून सखल भागांत धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी पाऊस कोसळला, तर पाणी तेथे थांबते आणि ओहोटीबरोबर समुद्रात जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. असा दिवस आठवला की या तलावांची किंमत कळते.

पण पाणी ओहोटीबरोबर निघून जाते, गाळ मात्र मागे राहतो. तलाव उथळ झाले, गाळात खारफुटी उगवली. ती तोडावी, तर कायद्याचे संरक्षण आहे, आणि ते योग्यही आहे. हीच झाडे किनारा राखतात. ठाणे खाडीच्या ज्या चिखलावर रोहित पक्षी चरतात, त्या चिखलाला २०२२ साली रामसर स्थळाचा मान मिळाला. तलाव मोकळा करावा की वन राखावे, असा हा पेच आहे.

इकडे डोंगराची माती हलवण्यात माणसानेही नदीला मागे टाकले आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी छाटली गेली, तिच्या दगडमातीने सखल जमीन भरली गेली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. पारसिकच्या डोंगरात दगडखाणींनी उतार उघडे पाडले.

म्हणून धारण तलावाचा प्रश्न तलावाच्या काठावर बसून सुटणार नाही. डोंगरावरचे झाड, उतारावरची खाण, नाल्याचे पात्र आणि खाडीचे तोंड ही एकाच घरातली माणसे आहेत. वरच्याने माती सोडली, तर खालच्याने ती कुठे ठेवायची? नगररचनाकार आराखड्यात पाण्याला वाट आखून देतात. तेथेच गाळालाही थोडी जागा राखून ठेवली पाहिजे. कारण ती नाही दिली, तरी तो येणारच. आणि मग आपली जागा तो स्वतः निवडील.