तेलथराची जाडी व वाफेनें तेल काढण्याचा जमाखर्च

आपले पंप व ट्रॅक्टर ज्या डिझेलवर चालतात तें खनिज तेलापासून निघतें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु हें तेल भूमीच्या पोटांत तळ्यासारखें साचलेलें असतें, ही समजूत बरोबर नव्हे. मातींत ओल असावी तसें तें वालुकामय खडकाच्या बारीक छिद्रांत भरलेलें असतें. कांहीं ठिकाणीं तें इतकें घट्ट असतें कीं, विहीर खणली तरी जागचें हलत नाहीं. गार पडलेली काकवी तापविली म्हणजे पातळ होऊन वाहूं लागते. तोच गुण ह्या तेलाचा आहे. म्हणून अशा थरांत वाफ सोडून तेल पातळ करण्याची रीत निघाली. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत कर्न रिव्हर येथें १८९९ सालीं तेल सांपडलें. तेथें १९६० नंतरच्या दशकांत वाफेची रीत सुरू झाल्यावर उत्पन्न पुष्कळ वाढलें.

ही रीत परवडेल कीं नाहीं, हें बव्हंशीं थराच्या जाडीवर ठरतें. त्याचें कारण असें. कढईंतील काकवी बराच वेळ गरम राहते. तीच परातींत पातळ पसरली तर लौकर निवते. भूगर्भांतही तसेंच घडतें. वाफेची उष्णता तेलथरांतच राहत नाहीं; वरच्या व खालच्या निरुपयोगी खडकांत ती सारखी झिरपते. एक एकर क्षेत्राचा थर १० फूट जाड असो वा ४० फूट, त्याचें छत व तळ एक एकरच. म्हणजे गळती दोहींकडे सारखीच, पण पातळ थरांत तेल मात्र चौथा हिस्सा. मार्क्स व लँगेनहाइम ह्यांनीं १९५९ सालीं ह्याचें गणित मांडलें. त्याप्रमाणें थर दुप्पट जाड असेल, तर दिलेल्या उष्णतेचा तितकाच हिस्सा बाहेर जाण्यास चौपट काळ लागतो.

आतां जमाखर्च पाहूं. एक पिंप तेल जाळून सुमारें १४ पिंपें पाण्याची वाफ होते. दर पिंप तेलामागें ३ पिंपांची वाफ लागली, तर पांचवा हिस्सा जळणांत जातो. ७ लागली तर निम्मा. आणि १४ लागली तर जितकें निघालें तितकेंच जळालें, पदरांत कांहीं नाहीं. पातळ थरांत हा आंकडा चढत जातो. ह्याकरितां साधारणपणें २० फुटांहून कमी जाडीच्या थरांत सतत वाफ सोडण्याच्या भरीस कोणी पडत नाहीं.

जाडी मोजतांनाही सावधगिरी हवी. सर्व्हे नंबराच्या क्षेत्रांतून पोटखराबा वजा करावा, तसे थराच्या मधले चिकणमातीचे पट्टे वजा करावे लागतात. कारण ते उष्णता खातात, पण तेल देत नाहींत.

मग थर जितका जाड तितका चांगला काय? सर्वथा नव्हे. वाफ हलकी असल्यामुळें छताकडे धांवते व वरूनच दुसऱ्या विहिरीस जाऊन मिळते. तळचें तेल तसेंच राहतें. कानडा देशांत ह्या दोषाचाच उपयोग करून घेतला आहे. रॉजर बटलर ह्यांनीं काढलेल्या रीतींत थराच्या तळाशीं दोन आडव्या विहिरी, एकीवर एक, सुमारें ५ मीटर अंतरानें पाडतात. वरचींतून वाफ चढते व पातळ झालेलें तेल आपल्याच भारानें खालचींत उतरतें. मात्र वाफेस चढण्यास उंची लागते; म्हणून येथेंही पातळ थर निकामी ठरतो.

थर पातळ असल्यास दुसरा मार्ग हवा दाबून थरांतीलच थोडें तेल पेटविण्याचा. येथें उष्णता जागेवरच उत्पन्न होते, वाटेंत फुकट जात नाहीं. म्हणून वाफेस न परवडणारे कांहीं थर ह्या रीतीनें साधतात. गुजराथेंत मेहसाणा भागांतील बालोल व सांथाल येथें १९९० नंतरच्या दशकांत हिचा अवलंब झाला.

सारांश, नुसत्या एकरांवरून जमिनीची प्रत ठरत नाहीं, मातीची खोलीही पाहावी लागते. तेलाचेंही तसेंच आहे. विस्तार पाहून हुरळणाऱ्यानें आधीं थराची निव्वळ जाडी विचारावी, आणि मगच भट्टी पेटवावी.